रुग्णाला हात लावण्यापूर्वीची हातस्वच्छता प्रशिक्षणानंतरही का निसटते?

कार्तिकी (प्रश्न)

नमस्कार. मी एका जिल्हास्तरीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहे आणि संसर्ग-नियंत्रणाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. मेडिसिन, सर्जरी आणि नवजात शिशूंचा विशेष कक्ष, म्हणजे एसएनसीयू, या तिन्ही ठिकाणी मी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘पाच क्षणां’च्या तक्त्यावर प्रत्यक्ष निरीक्षणे नोंदवते. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त किंवा शरीरस्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतर, असे हे पाच क्षण या क्षेत्रातील वाचकांना परिचित आहेतच.

माझ्या नोंदींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ड्रेसिंग झाल्यावर, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी केल्यावर, उलटी पुसल्यावर आमच्या सिस्टर न सांगता हात धुतात. मात्र रुग्णाला हात लावण्याआधी आणि कॅन्युलातून, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीतून, इंजेक्शन देण्याआधी हात स्वच्छ करणे बहुतेक वेळा राहून जाते. बेडचा कठडा, सलाईनचा स्टँड, मॉनिटर यांना हात लागल्यानंतर तर कोणाला आठवणही होत नाही. प्रशिक्षण झालेले नाही असे अजिबात नाही. ५ मे रोजीच्या जागतिक हातस्वच्छता दिनाला आम्ही प्रात्यक्षिके घेतो, प्रत्येक बेसिनवर चित्रे लावलेली आहेत आणि हात चोळण्याच्या सर्व पायऱ्या आमच्या मावशींनाही क्रमाने सांगता येतात. तरीही पुढच्या निरीक्षणात चित्र तेच असते.

आता वरिष्ठांचे म्हणणे असे की, हात न धुणाऱ्यांना ज्ञापन, म्हणजे लेखी जाब विचारणारे पत्र, द्यावे. मला हा मार्ग पटत नाही, कारण ज्या सिस्टरचे नाव त्या ज्ञापनावर येईल ती रात्रपाळीला एकटीने भरलेला वॉर्ड सांभाळत असते, हे मी डोळ्यांनी पाहते. परंतु ‘मग काय करायचे?’ या प्रश्नाला माझ्याकडे अजून पुरेसे उत्तर नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. स्पर्शापूर्वीची हातस्वच्छता वाढवण्यासाठी आपापल्या ठिकाणी कोणता उपाय खरोखर टिकला? मी समोर उभी असताना केलेल्या नोंदींवर कितपत विसंबावे? आणि सतत हँड रब (हातांवर चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावण) वापरून हात जळजळतात, त्वचा फाटते, ही तक्रार अनेकजणी करतात. त्यावर काय सांगावे?

सूक्ष्मदर्शी

कार्तिकीताई, आपण नोंदवलेला फरक हा केवळ आपल्या रुग्णालयाचा दोष नाही. जगभरातील निरीक्षणांमध्ये ‘नंतर’च्या क्षणांचे पालन ‘आधी’च्या क्षणांपेक्षा जास्त आढळते. मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करतो, त्यामुळे वॉर्डातून येणाऱ्या नमुन्यांवरून मला या फरकाचा परिणाम दिसतो. रक्त, पू, विष्ठा यांची किळस वाटते आणि हात आपोआप बेसिनकडे वळतो. ती हातस्वच्छता प्रामुख्याने स्वतःला वाचवण्यासाठी असते. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी मात्र हात स्वच्छच दिसत असतात. त्या हातांवर मागच्या बेडच्या कठड्यावरून आलेला अॅसिनेटोबॅक्टर असू शकतो, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर अनेक दिवस, कधी कधी काही आठवडेही तग धरतो. आपल्याकडील नवजात शिशू कक्षांमध्ये आणि आयसीयूमध्ये त्याने आणि क्लेब्सिएलाने किती उपद्रव मांडला आहे, आणि त्यांच्यावर चालणारी प्रतिजैविके किती थोडी उरली आहेत, हे आपण जाणताच. म्हणून कॅन्युलाच्या तोंडाला हात लागण्यापूर्वीचा क्षण मला पाचांमध्ये सर्वांत मोलाचा वाटतो.

ज्ञापनाविषयीची आपली शंका रास्त आहे आणि तिला आधारही आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात संसर्ग-नियंत्रणतज्ज्ञ डिडिए पिटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या अखेरीस मोजमाप सुरू केले तेव्हा हातस्वच्छतेचे पालन ४८ टक्के होते. त्यांनी अल्कोहोलयुक्त हँड रब रुग्णाच्या बेडपाशी आणले, वॉर्डांत फलक लावले, मोजलेले आकडे कर्मचाऱ्यांना परत दाखवले आणि वरिष्ठांनी या कामाला उघड पाठबळ दिले. १९९७ पर्यंत पालन ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९४ मधील १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर आले. वाढ मुख्यतः परिचारिकांमध्ये झाली होती, डॉक्टरांमध्ये ती जवळजवळ झाली नाही. जिथे रुग्णसेवेचा ताण जास्त तिथे पालन कमी, हेही याच चमूने दाखवून दिले. त्यामुळे पालन कमी दिसले की ते त्या सिस्टरच्या स्वभावाचे लक्षण मानण्याआधी तिच्या कामाचा वेग मोजला पाहिजे.

एक हिशेब वरिष्ठांसमोर अवश्य मांडावा. साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात, तर हँड रबने २० ते ३० सेकंद. कामाच्या घाईत एका तासात हातस्वच्छतेच्या २० संधी आल्या, तर बेसिनवर १३ ते २० मिनिटे जातील, आणि बेसिनपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ त्याशिवाय. हँड रब हाताशी असेल तर तेच काम ७ ते १० मिनिटांत होते. बेसिन वॉर्डाच्या टोकाला असताना केवळ शिस्तीच्या बळावर हा वेळ कुठून निर्माण होणार?

निरीक्षणाबाबत सांगायचे तर, कोणी पाहत असताना माणसाचे वागणे सुधारते, हे गृहीतच धरावे. म्हणून या टक्केवारीला निरपेक्ष सत्य मानू नये. मात्र त्याच पद्धतीने, त्याच वॉर्डात केलेल्या दोन निरीक्षणांची तुलना उपयोगी पडते. जोडीला हँड रबचा खप मोजावा. खप कोणाच्या उपस्थितीने बदलत नाही, म्हणून त्याची साक्ष मोलाची आहे. अर्थात योग्य क्षणी वापर झाला की नाही, हे तो सांगू शकत नाही.

आणखी एक सूचना. तक्त्यावर केवळ ‘आधीचा क्षण चुकला’ अशी खूण करू नका, तर मागचा रुग्ण आणि पुढचा रुग्ण यांच्या मधल्या वेळेत सिस्टरच्या हाताने काय काय हाताळले, ते लिहा. चौथ्या बेडवरून निघताना हात स्वच्छ केले आणि मध्ये कशालाही हात न लावता थेट पाचव्या बेडवरच्या रुग्णाला स्पर्श केला, तर एकाच कृतीत दोन्ही क्षण पाळले जातात. प्रत्यक्षात मध्ये केसपेपर येतो, पेन येते, कपाटाचा खण येतो, मोबाइल येतो. त्या मधल्या स्पर्शांची यादी हाती आली की कोणती गोष्ट हलवायची, हे आपोआप कळेल.

रातपाळी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. पण आयसीयूमध्ये प्रत्यक्ष काम करणारी सिस्टर म्हणून त्यात थोडी भर घालते, कारण हा क्षण कामाच्या ओघात नेमका कुठे येतो, याचे वर्णन प्रशिक्षणात सहसा नसते.

सकाळच्या इंजेक्शनची फेरी घ्या. आम्ही ट्रॉलीवर औषधे भरून ठेवतो, हात स्वच्छ करतो आणि बेडपाशी जातो. तिथे पडदा सरकवतो, पांघरूण बाजूला करतो, रुग्णाचे नाव पाहण्यासाठी मनगटावरची पट्टी फिरवतो, इन्फ्युजन पंपाचा अलार्म बंद करतो आणि मग कॅन्युलाला हात घालतो. ट्रॉलीपाशी स्वच्छ केलेले हात तोवर पुन्हा दूषित झालेले असतात, तरीही आपण हात स्वच्छ केले होते अशी आमची प्रामाणिक समजूत असते. त्यामुळे ‘आणखी वेळा हात चोळा’ असे सांगण्यापेक्षा हात चोळण्याची जागा पुढे सरकवणे अधिक परिणामकारक ठरते. आमच्या युनिटमध्ये आम्ही क्रम असा बसवला की, पडदा, पांघरूण, ओळख पटवणे, पंप ही सगळी कामे आधी उरकायची, सिरिंज आणि स्पिरिटचा स्वॅब ट्रेमध्ये हाताशी ठेवायचा, मग हँड रब, आणि त्यानंतर थेट हबची (कॅन्युलाच्या तोंडाची) स्वच्छता आणि इंजेक्शन, मध्ये दुसरे काहीही नाही. यासाठी हँड रबची बाटली ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात आणि प्रत्येक बेडच्या पायथ्याशी लावून घेतली. भिंतीवर लावलेली बाटली बेडच्या डोक्याशी असते आणि तिथपर्यंत पोहोचण्यासाठी रुग्णावरून वाकावे लागते, म्हणून ती वापरली जात नाही, ही गोष्ट आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी आम्हाला विचारले तेव्हाच त्यांना कळली. बाटली कुठे लावायची हे ती वापरणाऱ्यांना विचारून ठरवावे, एवढी साधी अपेक्षा आहे.

हातमोज्यांविषयी आपण लिहिले नाही, पण तो प्रश्न आपल्याकडेही असणार असे वाटते. करोनाच्या साथीनंतर हातमोजे घालून ठेवण्याची सवय फार वाढली आहे आणि एकच जोडी घालून तीन-तीन बेड फिरणारे हात मी पाहते. रक्तदाब आणि तापमान घेणे, तोंडाने औषध देणे, त्वचेखाली किंवा स्नायूत इंजेक्शन देणे, रक्तगळती नसताना सलाईनची नळी हाताळणे, यांपैकी कशालाही नेहमीच्या परिस्थितीत हातमोज्यांची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचेच मार्गदर्शन आहे. जिथे गरज नाही तिथले हातमोजे कमी केले की हात स्वच्छ करण्याची वाट मोकळी होते. जिथे गरज आहे तिथेही ते घालण्याआधी जर स्पर्शाचा किंवा निर्जंतुक प्रक्रियेचा क्षण येत असेल तर हात स्वच्छ करावेत, काढल्यानंतर तर करावेतच. हातमोज्यांवरच हँड रब चोळणे हा उपाय नव्हे.

त्वचेबद्दल थोडक्यात सांगते. हँड रब लावल्यावर जळजळ होते तेव्हा त्वचेला सूक्ष्म भेगा आधीच पडलेल्या असतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा वारंवार साबण, गरम पाणी व ओल्या हातांवर चढवलेले हातमोजे ही कारणे असतात. ग्लिसरीन असलेले चांगले हँड रब साबणापेक्षा त्वचेला सौम्य असते. साबणाने धुऊन लगेच पुन्हा हँड रब लावण्याची दुहेरी सवय मोडावी, कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावे, हात घासून न पुसता टिपून कोरडे करावेत आणि कामाची पाळी संपल्यावर मलम लावावे. मात्र हात दिसण्याइतके मळलेले असतील किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलचा अतिसार असण्याची शंका असेल, तर साबण-पाण्याला पर्याय नाही, कारण त्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपे, अल्कोहोलने मरत नाहीत.

शेवटी एक विनंती. पालनाचा तक्ता केवळ सिस्टरांचा ठेवू नका. सकाळच्या राउंडला एका रुग्णाचे पोट तपासून दुसऱ्याच्या पोटाला हात लावणारे डॉक्टर त्या तक्त्यात नसतील, तर आम्हाला तो तक्ता अन्यायकारकच वाटेल.

निवृत्त अधिसेविका

कार्तिकी, तुझे पत्र वाचून समाधान वाटले. वयाने मोठी असल्यामुळे एकेरी लिहिते, राग मानू नकोस.

आमच्या उमेदीच्या काळात वॉर्डाच्या दाराशी स्टँडवर एनॅमलचे घमेले असे, त्यात अँटिसेप्टिकचे पाणी आणि शेजारी एकच टॉवेल. राउंड घेणारे सगळे त्याच पाण्यात हात बुडवत आणि त्याच टॉवेलला पुसत. घमेली गेली, पण त्या टॉवेलचा नातू अजूनही अनेक वॉर्डांत खिळ्याला लटकलेला दिसतो. म्हणून प्रशिक्षणाचा पुढचा वर्ग घेण्याआधी तू वॉर्डांतून फेरी मार आणि पाहा, नळाला रात्री दोन वाजता पाणी असते का, नळ कोपराने बंद करता येतो का, साबणाची वडी पाण्यात तरंगते आहे का, द्रवरूप साबणाची बाटली न धुताच पुन्हा भरली जाते का, हात पुसायला एकदाच वापरायचा कागद मिळतो का. निदान दर दहा बेडमागे एक बेसिन असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या मूल्यमापनातला निकष आहे. या गोष्टी नसताना दिलेले ज्ञापन मी माझ्या सहीने कधीच जाऊ दिले नसते. पण मी ज्ञापनाच्या पूर्ण विरोधातही नाही. पाणी आहे, हँड रब हाताशी आहे, वॉर्डात मनुष्यबळ पुरेसे आहे आणि वारंवार सांगूनही कोणी सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीला) न धुतलेला हात लावत असेल, तर तिथे मवाळपणा दाखवणे हा रुग्णावर अन्याय आहे. क्रम तेवढा सांभाळावा, आधी सोय आणि मग जाब.

आता मागणीपत्राचे सांगते, कारण गाडी बहुधा तिथेच अडते. याच मूल्यमापनात हँड रबचा खप दर १००० रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर असावा, असे धरले आहे. १०० बेड पूर्ण भरलेले असतील तर ३० दिवसांत ३००० रुग्णदिवस होतात, म्हणजे महिन्याला ६० लिटर, अर्थात अर्ध्या लिटरच्या १२० बाटल्या. तुझ्या भांडारातून प्रत्यक्षात किती बाटल्या निघतात, ते या आकड्याशेजारी लिही आणि तोच कागद वैद्यकीय अधीक्षकांसमोर ठेव. टंचाईच्या भीतीने इन्चार्ज सिस्टर बाटल्या कपाटात कुलूपबंद ठेवतात, हेही मी जाणते. पुरवठ्याची खात्री पटल्याशिवाय ते कुलूप निघत नाही.

पुरवठा अडला तर रुग्णालयाच्या औषधनिर्माण विभागात हँड रब तयार करता येते. १० लिटरसाठी ९९.८ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५१५ मिलिलिटर, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ९८ टक्क्यांचे ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर आणि उरलेले उकळून थंड केलेले पाणी, असे ते सूत्र आहे. भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवायच्या, म्हणजे अल्कोहोलमध्ये किंवा बाटल्यांत असलेले बीजाणू नष्ट होतात. हे काम औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच व्हावे आणि आगीपासून सांभाळावे. खास वायुवीजनाची सोय नसेल तर एका जागी ५० लिटरपेक्षा अधिक बनवू नये.

बांगड्यांचा विषय नाजूक आहे, पण टाळू नकोस. अंगठी आणि बांगड्यांखालची त्वचा नीट स्वच्छ होत नाही, आणि नखांचे टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब नसावे. नव्याने लग्न झालेल्या मुलीला चारचौघींत ‘बांगड्या काढ’ म्हटले की ती दुखावते, घरी सासूला काय सांगायचे हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहतो. तिला बाजूला घेऊन एसएनसीयूतील बाळाच्या संदर्भात समजावले तर ती ऐकते, आणि बांगड्या सुरक्षित ठेवण्यासाठी चेंजिंग रूममध्ये तिच्या नावाचा खण दिला तर ती ते रोज पाळते.

सीमापार

मी मूळची सोलापूरची असून सध्या इंग्लंडमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. अधिसेविकाबाईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सांगते. इथे २००७ साली कोपराखाली हात उघडे ठेवण्याचे धोरण आले. घड्याळ, लांब बाह्या, बांगड्या काही चालत नाही, साधे लग्नाचे वळे तेवढे चालते. हा नियम डॉक्टरांनाही तितकाच लागू आहे, म्हणून तो रुजला असे मला वाटते.

दुसरा अनुभव असा की, महिन्याच्या अखेरीस फलकावर लागणाऱ्या टक्केवारीपेक्षा त्याच पाळीत, त्याच ठिकाणी, हळू आवाजात सांगितलेली गोष्ट जास्त लक्षात राहते. रुग्णांनी परिचारिकेला ‘हात स्वच्छ केलेत का?’ असे विचारावे, असा प्रयत्न इकडे बराच होतो. आपल्याकडे ते लगेच होईल असे नाही, कारण सिस्टर रागावतील आणि मग आपल्या माणसाकडे दुर्लक्ष होईल, ही नातेवाइकांची धास्ती खोलवर असते. पण एसएनसीयूमध्ये कुटुंबाच्या सहभागातून बाळाची काळजी घेण्याचा जो उपक्रम भारतात राबवला जातो, त्यात आईला हात धुण्याची पद्धत पहिल्याच दिवशी शिकवली जाते. तिला शिकवणारी सिस्टर तिच्या डोळ्यांदेखत स्वतःही हात धुते, तिथून सुरुवात करता येईल.

कार्तिकी

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या स्पर्शांची नोंद मी या आठवड्यात एसएनसीयूपासून सुरू करते आणि बाटल्यांच्या जागा ठरवण्यासाठी तिन्ही पाळ्यांतील सिस्टरांना एकत्र बसवते. तक्त्यात डॉक्टर, ब्रदर आणि मावशी या सर्वांचे स्वतंत्र रकाने असतील, हे आजच वरिष्ठांना कळवले आहे. ६० लिटरचा हिशेब करून पाहिला. आमचा प्रत्यक्ष पुरवठा त्याच्या जवळपासही नाही, त्यामुळे ज्ञापनाची चर्चा तूर्त मागे पडेल अशी आशा आहे.

सूक्ष्मदर्शी सर, एक शंका राहिली. बेडच्या पायथ्याशी अडकवलेला केसपेपर रुग्णाच्या परिसरात, म्हणजे त्याच्या आसपासच्या वस्तूंत, धरायचा की बाहेर? आणि एका वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या उपकरणावर) दोन बाळे ठेवावी लागतात तेव्हा परिसर कसा मोजायचा?

सूक्ष्मदर्शी

बेडला अडकवलेला आणि त्याच रुग्णासाठी वापरला जाणारा केसपेपर रुग्णाच्या परिसरात धरावा; त्याला हात लावून सिस्टर दुसरीकडे निघाली की पाचवा क्षण लागू होतो. तोच केसपेपर नर्सिंग स्टेशनवर नेऊन इतरांच्या कागदांत ठेवला जात असेल, तर तो परिसराबाहेरची वस्तू ठरतो आणि तिथून परतताना रुग्णाला स्पर्श करण्याआधी हात पुन्हा स्वच्छ करावे लागतात. मोबाइल मात्र नेहमी बाहेरचाच समजावा.

एसएनसीयूमध्ये एक वॉर्मर, त्याचा मॉनिटर आणि त्या बाळाचा इन्फ्युजन पंप मिळून एक परिसर धरतात. दोन बाळे एका वॉर्मरवर असतील तेव्हा सामायिक पृष्ठभागामुळे परिसर वेगळे काढता येत नाहीत, पण रुग्ण दोनच राहतात. त्यामुळे पहिल्या बाळावरून हात दुसऱ्या बाळाकडे जातो, त्या प्रत्येक वेळी हातस्वच्छतेची एक संधी नोंदवावी. अशा वॉर्मरच्या दोन्ही बाजूंना एकेक बाटली लावून घ्यावी आणि त्या वॉर्मरच्या नोंदी वेगळ्या कागदावर ठेवाव्यात; बाळांची गर्दी आणि निसटलेल्या संधी यांचा संबंध त्यांतूनच अधीक्षकांना दाखवता येईल.